विलायती वळणाचा नंदी

गेल्या तान्ह्या पोळ्याच्या दुपारी, परीक्षक रांगेतून फिरायला निघण्याच्या थोडं आधी, माझ्या मोठ्या बहिणीनं घडवलेला लाकडी नंदी आमच्या गावच्या उत्सव समितीनं रांगेबाहेर काढला. अन्याय तिच्यावर झाला. मारुतीच्या देवळापुढच्या मैदानावर, भर उन्हात, लाऊडस्पीकर चालू असताना झाला. अध्यक्षांनी माइकवरून कारण सांगितलं आणि ते अख्ख्या गावानं ऐकलं. नंदीला पाय नाहीत, तो मोटारीसारखा दिसतो, आणि हे आपल्या परंपरेत बसत नाही.

मोटारीसारखा दिसतो हे खरं आहे. ताईसुद्धा ते नाकारत नाही. ती मोटार विलायती आहे, जुनी आहे, दोनच माणसांची आहे, आणि आजवर मी पाहिलेल्या माणसानं बनवलेल्या वस्तूंमध्ये तिच्याइतकी देखणी दुसरी नाही. हे वाक्य लिहिताना मला अजिबात ओशाळं वाटत नाही. खाणीच्या धुळीवर मी पत्रकं लिहिली आहेत, तलावातल्या मासेमारीच्या हक्कावर लिहिली आहेत, आणि ती स्वतः दारोदार वाटली आहेत. तरीही वाटत नाही.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगते. आमच्याकडे मोठा पोळा बैलांचा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा लेकरांचा. लेकरं चाकं लावलेला लाकडाचा नंदी सजवून, दोरीनं ओढत मैदानावर आणतात. तोरणाखाली रांग लागते, चांगल्या नंदीला बक्षीस मिळतं, मग घरोघर जाऊन लेकरं बोजारा मागतात, म्हणजे खाऊ नाहीतर चिल्लर. बाहेरच्यांना दिसतं ते एवढंच. आम्हा सुतारांच्या घरात त्या रांगेचा अर्थ वेगळा आहे. लोक रांगेतून फिरतात, एखाद्या नंदीपाशी थबकतात आणि विचारतात, "हा कोनाचा हात?" पुढच्या वर्षीचं काम त्या उत्तरावर ठरतं. ज्याचं नाव रांगेत घेतलं गेलं तो कारागीर. ज्याचं घेतलं गेलं नाही त्याच्या दुकानात लोक पाट दुरुस्त करायला येतात.

आमच्या दुकानातले नंदी कित्येक वर्षांपासून ताई घडवते. बाबांना आता जवळचं नीट दिसत नाही. पण गावात अजूनही सांगायचे बाबांचंच नाव. "पोरगी पालिश मारते," एवढंच लोकांना माहीत. नवरा वारल्यावर ताई लेकीला घेऊन परत आली, तेव्हापासून ते दुकानच तिचं जगणं आहे. बाबा थकले की शेजारच्या गावातल्या चुलतभावाकडे सगळं काम जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, चुलतभावानंही. म्हणून गेल्या वर्षी तिनं ठरवलं की रांगेत नंदी उभा करायचा आणि कोणी विचारलं, तर उत्तर स्वतः द्यायचं. पणाला लागलं होतं ते एवढंच. थोडं वाटत असेल तर वाटो.

आता मोटार.

नाकाडोंगरीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, मँगनीजच्या एका जुन्या खाणीचा बंगला आहे. खाणीचा कोणी साहेब जाताना मोटार तिथंच सोडून गेला. बंगला पुढे एका ठेकेदारानं घेतला आणि आता त्याचा मुलगा तिथं राहतो. मोटार शेडमध्ये ताडपत्रीखाली असते. दसऱ्याला तिची पूजा होते, त्या दिवशी तिला आवारात एक फेरी मारून आणतात आणि पुन्हा झाकून ठेवतात. एका हिवाळ्यात तिच्या दारांच्या आतली लाकडी चौकट वाळवीनं खाल्ली, म्हणून बाबांना बोलावणं आलं. ताई मदतीला गेली. मला खाणीची धूळ बंगल्याच्या भिंतींवर किती साचते ते पाहायचं होतं, म्हणून मीही गेले. माझ्या डोक्यात पत्रक तयारच होतं. साहेब बंगल्यात, मजूर धुळीत, साहेबाची मोटार शेडमध्ये. फक्त जाऊन एक फोटो काढायचा होता.

बंगलेवाल्यानं ताडपत्री ओढली.

गडद हिरवा रंग, जागोजागी उडालेला. पण रंगाकडे नजर जातच नव्हती. तोंडाकडचा भाग लांबच लांब, गाडीच्या निम्म्याहून जास्त, आणि बसायची जागा पार मागे, मागच्या चाकांना टेकल्यासारखी. दोन माणसं, तिसऱ्याला जागा नाही. सामान ठेवायला म्हणावी अशी जागा नाही. डोक्यावर पत्रा नाही, नुसतं घडी घालायचं कापड. पुढच्या चाकावरून पत्रा फुगून वर येत होता, मग न थांबता खाली उतरत होता, दारापाशी सगळ्यात खाली जात होता आणि मागच्या चाकावर पुन्हा उठत होता. कुठे जोड दिसत नव्हता, कोपरा दिसत नव्हता. एकच रेघ होती. उभी असूनही गाडी दबा धरून बसल्यासारखी वाटत होती.

बाबा डोळे बारीक करून जवळ गेले, दार चाचपलं, वाकून आत पाहिलं आणि म्हणाले, "हे त पटाची गाडी होय."

आमच्याकडे सुगीनंतर शंकरपट भरतात, बैलजोडीच्या शर्यती. पटाची गाडी आणि शेतातली खाचर, म्हणजे ओझ्याची बैलगाडी, यांचा काही संबंध नसतो. पटाच्या गाडीवर ओझं घालत नाहीत. धावायला जे लागत नाही ते सगळं सुतार काढून टाकतो आणि उरतं ते एखाद्या काठीसारखं हलकं. बाबांनी तारुण्यात अशा गाड्या बनवल्या होत्या. विलायतेतल्या कोणाच्या तरी डोक्यातही तेच आलं असणार, याचं त्यांना जरासुद्धा नवल वाटलं नाही.

मी मात्र माझं म्हणणं मांडलंच. "गरिबाच्या छातीत धूळ भरून साहेब ह्याच्यात हिंडत होता."

"हिंडत असन," ताई म्हणाली. तिची नजर गाडीवरून हटली नव्हती. "पन साहेबानं बनवली काय?"

"विकत त्यानंच घेतली ना."

"घेतली त घेतली. आपल्या पाटलानं बाबांच्या हातचा दरवाजा घेतला, त दरवाजा पाटलाचा झाला. त्याच्यावरची वेल कोनाची?" मग माझा हात धरून तिनं पुढच्या चाकावर ठेवला. "डोळे मीट वो. मागं जात राह्य."

मी डोळे मिटले. थंड पत्रा तळव्याखालून वर आला, उतरला, पुन्हा वर आला. मधे कुठेही हाताला धक्का बसला नाही. आमच्या गोठ्यात बैल होते तेव्हा त्यांच्या मानेवरून, वशिंडावरून, पाठीवरून पुठ्ठ्यापर्यंत हात फिरवल्यावर जे हाताला लागायचं, तेच.

"काय लागलं?" तिनं विचारलं.

"बैल," मी म्हटलं.

"मंग झालं त." ती हसली. "बांध आता तुझं पत्रक त्याच्या शिंगाले."

चौकटीचं काम करताना बाबांनी एक चूक केली, जी कोणताही सुतार करेल. डाव्या दाराचं माप घेतलं आणि उजवं दारही त्याच मापानं केलं. गाडीची दोन चाकं सारखी, दाराच्या दोन फळ्या सारख्या, आयुष्यभर तसंच केलेलं. उजवं दार लागेना. पुन्हा मापलं तर दोन्ही बाजूंच्या वळणात बोटभर फरक. बाबा चिडले, विलायतेतल्या माणसाच्या हिशोबाला नावं ठेवायला लागले. ताई मात्र खूश झाली. दोन्ही बाजूंना हात लावत ती गाडीभोवती फिरत राहिली. "साच्यातली नाई बाबा हे. कोनं तरी हातानं ठोकली हाय. एक बाजू सकाळी ठोकली असन, एक जेवल्यावर."

त्या वाक्यानं माझं पत्रक फिरलं. ते मी फाडलं नाही, नीट लिहिलं. खाणीच्या धुळीवर आजही तितकीच लिहिते. पण विलायतेतल्या कुठल्याशा शेडमध्ये तो पत्रा ठोकणारा जो कोणी होता, त्याच्या दारात अशी गाडी उभी राहिली नसणार, हे मला तिथंच कळलं. त्यालाही आठवड्याची मजुरी मिळत असणार. साहेबानं गाडी घेतली, रेघ नाही घेतली. रेघ जो पाहील त्याची.

पत्रकं काढणाऱ्या आमच्या संघटनेतल्या सोबत्यांना हे सांगितलं तेव्हा एकानं तोंड वाकडं केलं. "कॉम्रेड, तुम्ही गोऱ्या साहेबाच्या मोटारीच्या प्रेमात पडून राहिल्या."

"पडले," मी म्हटलं. "तुम्ही क्रिकेट पाहता तेव्हा मी काही बोलते काय?"

दोन पावसाळे ताईच्या डोक्यात ती गाडी घोळत होती. मग एक दिवस तिनं शिवणीचा ओंडका आणला आणि लाकूड तासायचा वाकस हातात घेतला. आमच्याकडचा नंदी कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. चार खुंटांसारखे पाय, त्यांच्याखाली फळी, फळीला चाकं. बैल कधी चालत नाही, फळी चालते. बैल नुसता वर उभा राहून फिरून येतो, मिरवणुकीतल्या पुढाऱ्यासारखा. ताईनं फळीच काढून टाकली. चाकं बैलाच्या अंगातच बसवली. पुढची चाकं खांद्यात, मागची पुठ्ठ्यात. खांदा चाकावरून गोल येतो, पोटाकडे खाली उतरतो, पुठ्ठ्यावर पुन्हा चढतो. मान लांब आणि पुढे झुकलेली, शिंगं मागे वळून वशिंडाला लागतील न लागतील अशी, पाठ सपाट. पटाचा बैल सुटण्याच्या आधी क्षणभर जसा दबतो, तसा. रंग तिनं दिला नाही. लाकडाचे रेशे वळणाबरोबर जातील असा तुकडा तिनं निवडला होता आणि ते झाकायची तिची तयारी नव्हती.

बाबा नंदीवर हात फिरवून म्हणाले, "झुल कुठं टाकशीन? सरकून पडन."

"नाई टाकत झुल."

"लोक बोलतीन."

"बोलू द्या. लोकं बोलतीन म्हनूनच त रांगेत नेऊन राहिली."

तान्ह्या पोळ्याला तिची लेक दोरी धरून पुढे आणि आम्ही दोघी मागे, असे मैदानावर गेलो. रांगेत आमच्या एका बाजूला शहरातल्या दुकानातून आणलेला प्लास्टिकचा नंदी होता, पोटात बॅटरी, शिंगांवर लुकलुकणारे दिवे. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा, डोळ्यांना चमकी लावलेला. दोघांनाही चार पाय होते. लोक यायला लागले. पहिला थांबला तो आमचा दूधवाला. खाली बसून बघायला लागला. मग दोन बाया थांबल्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "हा कोनाचा हात?"

ताईनं तोंड उघडलं, आणि नेमके त्याच वेळी समितीचे अध्यक्ष आले. मागे तीन सदस्य.

"हे काय आनलं?"

"नंदी," ताई म्हणाली.

"पाय कुठं हायेत?"

"चाकात हायेत."

"बाई, नंदीले पाय असते."

"तुमच्या ह्या बाजूच्या नंदीले पोट हाय काय पाहा," ताईनं प्लास्टिकच्या नंदीवर टिचकी मारली. तो पोकळ वाजला. "आतमधी निस्ते सेल हायेत. त्याले चालते?"

मागच्या बाया हसल्या. तिथं कदाचित भानगड मिटली असती. पण एक सदस्य पुढे आला, खाणीच्या बंगल्यावर दसऱ्याला प्रसाद खाऊन आलेला. तो म्हणाला, "हे त बंगल्यातली इंग्रजाची मोटार होय. मी वळखली. तोंड तेच हाय."

ही दाद होती. ती कारण म्हणून वापरली गेली. अध्यक्ष माइककडे गेले आणि वर लिहिलंय ते बोलले.

मी पत्रकं वाटणारी बाई. माझा आवाज मैदानावर चालतो. मी म्हटलं, "अध्यक्ष, माइक कुठचा? अंगातली पँट कुठची? पोळा झाल्यावर तुम्ही जो चहा पिणार आहात तो कोणी आणला? तेव्हा परंपरा कुठं जाते?"

"तू मधात नको बोलू," ते म्हणाले. "हे काही तुमचं आंदोलन नाई."

मग त्यांनी तोडगा काढला. वाईट माणूस नाहीत ते. वाईट असते तर सोपं झालं असतं. ताईजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "हे पाह्य पोरी, तुझ्या बापाले मी मानतो. खाली एक फळी ठोक, चार खुंट्या लाव. अर्ध्या घंट्याचं काम. मी परीक्षकाले थांबवतो. नंदी रांगेत राहीन, बापाचं नावही राहीन."

बाबा मैदानाच्या कडेला, कडुनिंबाखाली बसले होते. त्यांना ऐकू सगळं येत होतं. ते उठले, हात पुढे करत आले, आणि मला वाटलं, आता हे म्हणणार, ठोक पोरी. त्यांचीही काळजी खरी होती. काम चुलतभावाकडे गेलं तर ताई आणि तिची लेक काय खाणार, हा प्रश्न ते रोज गिळत होते.

ते म्हणाले, "बापाचं नाव कायले? मी हात नाई लावला त्याले."

अध्यक्ष म्हणाले, "अहो, तुमचंच दुकान ना."

"दुकान माहं. नंदी तिचा. फळी ठोकाची का नाई ठोकाची, तिले विचारा."

गावातल्या कोणावर ताईला तिच्या कामाबद्दल काही विचारायची वेळ माझ्या आठवणीत पहिल्यांदाच आली होती. सगळे तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, "नाई ठोकत," आणि वाकून तिनं नंदी उचलला. लेकीनं दोरी सोडली नाही, म्हणून दोघी एकाच दोरीला बांधल्यासारख्या रांगेबाहेर आल्या. बक्षीस दिव्यांच्या नंदीला मिळालं. त्याचा कारागीर कोण, हे कोणी विचारलं नाही, कारण तो कोणत्या कारखान्यातून आला ते कोणालाच माहीत नव्हतं.

पुढचं वर्ष कसं गेलं तेही सांगते, म्हणजे कोणाला वाटायला नको की ताईची जिद्द पाहून गाव बदललं. बदललं नाही. चुलतभावाकडे नंदीचं काम गेलं. ताईकडे खाटेचे पाय, खिडक्यांच्या कड्या आणि एका शाळेचे मोडके बाक आले. त्या दोन बायांपैकी एक, जिनं विचारलं होतं, ती पावसाळ्याआधी दुकानात आली आणि तसाच एक नंदी सांगून गेली. मग म्हणाली, "पन रांगेत ठेवता येईन ना?" ताईनं खरं ते सांगितलं, की ठाऊक नाही. बाई विचार करते म्हणून गेली. अजून विचार करत आहे.

आणि आता देवळाच्या भिंतीवर पाटी लागली आहे. या वर्षीपासून नियम: नंदी पारंपरिक असावा, चार पाय असावेत, खाली फळी असावी. प्लास्टिक चालेल की नाही, याबद्दल पाटीवर एक शब्द नाही. मी अध्यक्षांना विचारलं, "हा नियम कोणाकोणाला लागू?" ते म्हणाले, "सगळ्याइले." मी म्हटलं, "सगळ्यांत बिनपायाचा नंदी करणारे किती?"

मला परंपरेबद्दल कोणी शिकवू नये. ज्यानं कोणी पहिल्यांदा लाकडी बैलाला चाकं लावली, त्याच्यावरही कोणी तरी हसलं असणार. खऱ्या बैलाला कुठे चाकं असतात? एका माणसाला वाटलं की बैल लेकराच्या मागे धावला पाहिजे, म्हणून त्यानं चाकं लावली. ताईला वाटलं की तो उभा असतानाही धावताना दिसला पाहिजे. ते कसं करायचं हे तिला एका मोटारीनं दाखवलं. मोटार विलायतेहून आली, म्हणून ते शिकणं खोटं होत नाही. आमच्या गावाच्या शेजारी ती मोटार माझ्या जन्माआधीपासून उभी आहे. इतकी वर्षं जी वस्तू आमच्या धुळीत उभी राहिली, ती पाहायचा आणि तिच्यातून घ्यायचा हक्क आम्हाला आहे. मजुरांच्या घामावर आलेल्या वस्तूतून कष्टकऱ्याच्या लेकीनं काही उचललं, तर त्याला मी नक्कल म्हणणार नाही. वसुली म्हणेन.

ताई या वर्षी दुसरा नंदी करते आहे. पायाशिवाय. मान आणखी खाली, पुठ्ठा आणखी वर. बाबा संध्याकाळी त्याच्यावरून हात फिरवतात आणि कुठे खरबरीत लागलं तर बोट ठेवून दाखवतात. तो रांगेत उभा राहील की नाही हे ती ठरवू शकत नाही. मीही नाही. समितीत आमचं मत नाही आणि मैदानावर आम्ही दोघीच असलो, तर गेल्या वर्षीसारखंच होणार.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही भंडारा जिल्ह्यात राहत असाल, तर या तान्ह्या पोळ्याला आमच्या मैदानावर या, आणि परीक्षक निघायच्या आधी या. तिचा नंदी रांगेबाहेर काढायला कोणी हात घातला, तर त्याच्यासमोर उभे राहा आणि मोठ्यानं म्हणा, ठेव तो खाली, जागेवर ठेव. तुम्ही लांब राहत असाल, तर तुमच्या गावच्या समितीकडे आजच जा आणि त्यांच्या नियमाची पाटी वाचून दाखवायला लावा. ती कोणासाठी लावली आहे, हे त्यांच्या तोंडून वदवून घ्या. आणि जिला बाहेर काढलंय तिला तिच्या नावानं काम द्या, यंदाच द्या.